कलकत्त्यात पाडलेला गोव्याचा रुपया: 1881 च्या चांदीच्या नाण्यांचे प्रकरण

1881 साली पोर्तुगीज गोव्यात चांदीची नवी नाणी चलनात आली. रुपया, अर्धा रुपया, पाव रुपया आणि रुपयाचा आठवा भाग असे चार प्रकार होते. नाण्यावर राजा पोर्तुगालचा, राजमुकुटाखालची ढाल पोर्तुगालची आणि अक्षरे लॅटिन व पोर्तुगीज. पण नाणे पाडले होते ब्रिटिशांच्या कलकत्ता टांकसाळीत. आपल्या राजाचा मुखवटा शेजाऱ्याच्या टांकसाळीतून उमटवून आणण्याची वेळ एखाद्या सरकारवर का येते, आणला तर तो बाजारात चालतो का, आणि चालला तर कुणाच्या जोरावर, हे या प्रकरणातून पाहायचे आहे.

1881 च्या घडामोडींतल्या माणसांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. पणजीचे सरकार, लिस्बनचे मंत्रालय, खजिना, सराफ, व्यापारी, गावकार असा पदांनीच उल्लेख केला आहे. त्या वेळी कुठल्या खुर्चीत कोण बसले होते यापेक्षा त्या खुर्चीसमोर कोणता पेच होता, हे जास्त महत्त्वाचे आहे.

पार्श्वभूमी

गोव्यात चांदीची खाण नाही. नाण्याला लागणारी चांदी नेहमीच बाहेरून आली. कधी इराणच्या आखातातून, कधी लिस्बनहून येणाऱ्या जहाजांतल्या रेआल या स्पॅनिश चांदीच्या नाण्यांच्या रूपाने, कधी सुरतेच्या आणि घाटावरच्या रुपयांच्या रूपाने. त्यामुळे इथल्या सत्ताधाऱ्याला चांदीवर शिक्का मारता येई, पण चांदीचा भाव ठरवणे त्याच्या हातात कधीच नव्हते.

नवे नाणे आणण्याचा पहिला प्रयोग 1510 चा. गोवा शहर पहिल्यांदा हाती आल्यावर काही आठवड्यांतच पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने टांकसाळ सुरू केली. सोन्याचा मानुएल, चांदीचा एस्पेरा आणि तांब्याचा लेआल ही नाणी पाडून ती वाजतगाजत शहरात फिरवली. व्यवहाराला नाणे उरले नाही, अशी तक्रार शहरातल्या प्रमुखांनीच केली होती, म्हणजे गरज खरी होती. पण मे महिन्याच्या अखेरीस शहर पुन्हा आदिलशाहीकडे गेले आणि नोव्हेंबरमध्ये परत पोर्तुगीजांकडे आले. नाणे रुळायला जो निवांत काळ लागतो, तो त्या वर्षी कुणालाच मिळाला नाही.

पुढच्या शतकात काय परिस्थिती होती ते लिन्स्खोटेन या डच प्रवाशाने नोंदवून ठेवले आहे. 1583 ते 1588 या काळात तो गोव्यात होता. पारदाव या गोव्यातल्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला संत सेबास्तियान आणि दुसऱ्या बाजूला बाणांची जुडी असे. खोटे पारदाव इतके झाले होते की सराफाला दाखवल्याशिवाय कुणी नाणे हातात घेत नसे. रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर सराफ बसलेले असत. सरकारच्या टांकसाळीतून निघालेल्या नाण्याला खरेपणाचा दाखला द्यायचा तो कोपऱ्यावरच्या सराफाने, ही घडी तेव्हाच बसली आणि पुढे तीनशे वर्षे तशीच राहिली.

अठराव्या शतकात, 1725 च्या सुमारास, गोव्याच्या टांकसाळीने चांदीचा रुपया पाडायला सुरुवात केली. आजूबाजूचा सगळा मुलूख रुपयात बोलत असताना शेराफी आणि तांगा या गोव्याच्या जुन्या मापांवर अडून राहणे परवडणारे नव्हते. दोन शेराफींचा एक रुपया, पाच तांग्यांची एक शेराफी, साठ रेइसांचा एक तांगा असा हिशेब धरला जाई. म्हणजे रुपयाचे दहा तांगे आणि सहाशे रेइस. देवस्थानांचे जमाखर्च, गावकारीच्या (गावाच्या सामाईक संस्थेच्या) पावण्या, जमिनीचे फोर (ठरलेला सारा), सावकाराची खाती हे सगळे याच मापात चाले.

1869 मध्ये गोव्याची टांकसाळ बंद झाली. तिथून खरे प्रकरण सुरू होते.

अडचण नेमकी कोणती

टांकसाळ बंद झाली म्हणून बाजार थांबला नाही. उलट, ती बंद पडली तरी फारसे काही अडले नाही, हीच सरकारची खरी अडचण होती. घाटावरून लमाण्यांचे तांडे तांदूळ आणि कापड घेऊन उतरत आणि इथून मीठ, नारळ, सुपारी घेऊन चढत. मुंबईला गेलेले आचारी, वादक, कारकून आणि खलाशी घरी पैसे पाठवत. हा सगळा पैसा ब्रिटिश रुपयातला. डिचोली, पेडणे, फोंडा, सत्तरी या नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांकडे उशिरा आलेल्या, तालुक्यांचे तर घाटाशी आणि सावंतवाडी-बेळगावाशी जितके दळणवळण होते, तितके पणजीशीही नव्हते. तिथला मराठी वाचणारा आणि मोडीत वही लिहिणारा दुकानदार बिनदिक्कत व्हिक्टोरियाचा रुपया धरायचा, कारण तो कुठेही जाऊन वटावाशिवाय मोडता येत असे.

गोव्याच्या टांकसाळीतून निघालेला जुना रुपया तसा नव्हता. तो ब्रिटिश रुपयापेक्षा हलका होता. गावात तो एका किमतीला जाई आणि घाट चढला की सराफ त्यावर बट्टा लावी, म्हणजे किमतीत कपात करी. बट्टा किती, हे सराफाच्या मर्जीवर आणि त्या दिवशी कुणाला किती गरज आहे यावर ठरे. घेणारा आधी नाणे दगडावर आपटून आवाज ऐके. आवाज बद्द आला की पुढची बोलणी सुरू. या बोलणीत हरणारा बहुतेक वेळा छोटा विक्रेता असे. सुपारीचा मोठा व्यापारी हुंडीवर काम भागवी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माल घेऊन बसलेल्या बाईला मात्र हातात आलेले नाणे घ्यावेच लागे, आणि बट्ट्याचा तोटा तिच्याच पदरात पडे.

दुसरी गोष्ट सरकारच्या तिजोरीची. पोर्तुगाल 1854 पासून सुवर्णचलनावर होता आणि गोवा चांदीवर. जर्मनीने 1871 नंतर चांदीचे चलन सोडले, इतर युरोपीय देशांनीही चांदीची नाणी पाडणे आखडते घेतले आणि लंडनच्या बाजारात चांदी उतरू लागली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला औंसाला साठ पेन्सच्या आसपास असलेला भाव 1880 पर्यंत बावन्न पेन्सच्या घरात आला. गोव्यातून चांदीत वसूल केलेला महसूल लिस्बनच्या सोन्याच्या वहीत दरवर्षी थोडा कमी दिसू लागला. म्हणजे नवे चांदीचे नाणे आणायची वेळ नेमकी चांदीची पत घसरण्याची होती.

हा मुद्दा नीट लक्षात घ्यायला हवा, कारण या प्रकरणाकडे पाहताना बरेच जण फक्त करार आणि सार्वभौमत्व एवढेच बोलतात. धातूच घसरणीला लागलेला असताना त्याचे नवे नाणे लोकांच्या हाती द्यायचे म्हणजे पुढच्या घसरणीची जबाबदारी आपल्या शिक्क्यावर घेणे. पणजीला याची जाणीव किती होती, हे नाण्यांकडे पाहून सांगता येत नाही, पण धोका मोठा होता यात शंका नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आपली टांकसाळ पुन्हा उभी करायची आणि जुन्या मापाचा हलका रुपया पाडत राहायचे. यात टांकसाळीचा थोडा नफा होता आणि मानही राहत होता. पण बाजाराने हा पर्याय आधीच निकालात काढला होता. याच किनाऱ्यावर दोनशे वर्षांपूर्वी ईस्ट इंडिया कंपनीला हा धडा मिळाला होता. 1672 नंतर मुंबईत कंपनीने आपल्या नावाचा चांदीचा रुपया पाडला, त्याला अँग्लिना म्हणत. मुंबई बेटाबाहेर तो चालेना, कारण आतल्या मुलखात मोगल बादशहाच्या नावाच्या रुपयालाच पत होती. 1717 च्या फर्मानानंतर कंपनीने मुंबईत बादशहाच्या नावाने रुपया पाडायला सुरुवात केली, तेव्हा कुठे तिचे नाणे देशावर चालू लागले. तोफा आणि जहाजे असलेल्या कंपनीलाही जे जमले नाही, ते पणजीला जमण्याची शक्यता नव्हती.

दुसरा पर्याय, ब्रिटिश रुपयालाच सरळ कायदेशीर चलन मानायचे आणि स्वतःचे नाणे पाडायचेच नाही. व्यापाऱ्यांना हे सर्वांत सोयीचे झाले असते. राज्य चालवणाऱ्यांना ते पचणारे नव्हते. नाण्यावर राजाचा चेहरा नसणे म्हणजे राज्य दुसऱ्याचे असल्याची कबुली.

तिसरा पर्याय गोव्याला थेट लिस्बनच्या सोन्याच्या रेइसाशी बांधायचा. कागदावर हे स्वच्छ दिसते. पण गोव्याचा व्यापार लिस्बनशी फारच थोडा होता. जिथे तांदूळ, कापड आणि मजुरांची कमाई चांदीच्या मुलखातून येते, तिथे सोन्याचे चलन आणले असते तर मुंबई-गोवा व्यवहारात रोज वेगळा भाव निघाला असता आणि सराफांचे आणखी फावले असते. (हाच प्रयोग पुढे 1958 च्या निर्णयाने झाला. सहा एस्कुदोंचा एक रुपया धरून रुपया मोडीत काढला आणि 1961 नंतर पुन्हा सहा एस्कुदोंना एक या दरानेच भारतीय रुपया आला.)

चौथा पर्याय माप ब्रिटिशांचे आणि शिक्का आपला असा होता. वजन, कस, भाग सगळे ब्रिटिश रुपयासारखे, चेहरा आणि अक्षरे पोर्तुगीज, आणि नाणे दोन्ही मुलखांत चालेल अशी हमी. यात टांकसाळीचा नफा जवळजवळ सोडावा लागतो, कारण नाण्यात पूर्ण चांदी घालावी लागते आणि पाडणावळही द्यावी लागते. बदल्यात बट्टा जातो.

काय केले

चौथा पर्याय निवडला गेला, पण तो सुटा आला नाही. तो 26 डिसेंबर 1878 रोजी लिस्बनमध्ये झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज कराराचा एक भाग होता आणि करार 15 जानेवारी 1880 पासून बारा वर्षांसाठी अमलात आला. त्यात सरहद्दीवरची जकात उठवणे होते. गोव्याच्या मिठावरचे नियंत्रण ब्रिटिशांकडे देणे आणि त्यापोटी वर्षाला चार लाख रुपये भरपाई होती. अबकारी ब्रिटिश मुलखाप्रमाणे करणे आणि मुरगावहून घाटावर जाणारी रेल्वे हीसुद्धा त्याच करारात होती.

नाणे या गाठोड्यात बांधले गेल्याने काय झाले ते पाहा. बार्देश-साष्टीच्या मिठागरांवर पोट भरणाऱ्याला या करारातून काय मिळाले? महाग मीठ, बंद पडणारी आगरे, माडाच्या सुरेवर जड कर. हा कर भरायचा तो नव्या मापाच्या रुपयातच. माझ्या मते, नाण्याची स्वतःची चूक नसताना त्याच्या वाट्याला लोकांचा राग आला तो इथून. नवे नाणे आणताना त्याच्यासोबत दुसरे काय येते आहे, हे सामान्य माणूस नाण्याच्या कसाइतकेच बारकाईने पाहतो.

आता नाण्याकडे. 1881 चा पोर्तुगीज रुपया आणि त्याच वर्षाचा व्हिक्टोरियाचा रुपया शेजारी ठेवले तर तराजूला दोघांत फरक करता येत नाही. दोन्ही 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. दोन्हीत बारा भागांत अकरा भाग चांदी. एकावर लुईस राजाचे लॅटिन नाव आणि मागे ढालीभोवती ‘इंडिया पोर्तुगेझा’ व ‘उमा रुपिया’ अशी पोर्तुगीज अक्षरे. दुसऱ्यावर राणीचे चित्र आणि इंग्रजी. देवनागरी, मोडी, कानडी यांपैकी एकही लिपी दोहोंवर नाही. म्हणजे वाचता येत नसले तरी फरक कळायचा तो चेहऱ्यावरून. एक बाईचे चित्र, एक बाप्याचे.

तोळ्याचे वजन ही त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती. सोनाराच्या आणि वाण्याच्या तराजूत रुपया हे नाणेही होते आणि मापही. सोनार रुपयाभार सोने म्हणे, तेव्हा हाच रुपया दुसऱ्या पारड्यात पडे. हलका जुना रुपया त्या पारड्यात ठेवता येत नव्हता, नवा येत होता. सराफाला पटवायला याहून मोठा पुरावा लागत नाही.

सुट्ट्या नाण्यांचा जोड मात्र इतका सफाईने बसला नाही. चांदीतले सर्वांत लहान नाणे रुपयाचा आठवा भाग, म्हणजे दोन तांगे (नव्या मापात रुपयाचे तांगे दहा नव्हे, सोळा). वजन दीड ग्रॅमच्या जरा खाली, पातळ आणि नखाएवढे. कनवटीला बांधले तर सापडत नाही आणि ओल्या हाताला चिकटून पडते. त्याखाली तांब्याचे पाव तांगा आणि त्याच्या निम्म्याचे नाणे आले, तीही कलकत्त्याहूनच. पाव तांगा म्हणजे ब्रिटिश पाव आणा, एक पैसा. बाजाराला खरी गरज याच नाण्यांची होती, आणि त्याचा पुरावा नाण्यांवरच्या सालांत आहे. चांदीचा रुपया 1881 आणि 1882 एवढ्या दोनच सालांचा, पण तांब्याची नाणी 1886 पर्यंत पाडली जात होती.

निर्णयाचा अवघड क्षण: जुन्या खात्याचे काय

मला या प्रकरणात सर्वांत बोलके वाटते ते नाणे नव्हे, वही. नव्या मापात रुपयाचे सोळा तांगे, म्हणजे ब्रिटिश सोळा आण्यांशी बरोबर जुळणारे. तांगा साठ रेइसांचाच राहिला. त्यामुळे रुपया 960 रेइसांचा झाला. सत्तरच्या दशकात कागदावर आलेले हे माप 1881 च्या नाण्यांनी लोकांच्या हातात आले. आण्याशी तांगा जुळला, मुंबईचा हिशेब गोव्यात सरळ उतरू लागला, ब्रिटिश पैसा आणि पाव तांगा एकमेकांच्या जागी चालू लागले. इथवर सगळे छान.

आता समजा फोंड्याकडच्या एका कुळागरवाल्याने (सुपारी-नारळाच्या बागायतदाराने) जुन्या वहीत शंभर शेराफी कर्ज घेतल्याचे लिहिले आहे. शंभर शेराफी म्हणजे तीस हजार रेइस. जुन्या मापाने याचे पन्नास रुपये होतात. नव्या मापाने तीस हजार भागिले 960, म्हणजे एकतीस रुपये चार तांगे. कर्जदार म्हणणार, वहीत रेइस लिहिले आहेत, मी तेवढे रेइस देतो. सावकार म्हणणार, मी तुला पन्नास रुपयांची चांदी मोजली होती, मला तेवढी चांदी परत हवी. फरक अठरा रुपये बारा तांग्यांचा. जुना रुपया हलका होता हे धरले तरी फरक मोठाच राहतो.

इथे कुठलाही निर्णय घेतला तरी कुणाचा तरी खिसा कापला जातो. आकडा कायम ठेवला तर चांदी देणारा बुडतो. चांदी कायम ठेवली तर वहीतला प्रत्येक आकडा पुन्हा लिहावा लागतो, आणि तो लिहिणारा बहुतेक वेळा सावकाराचाच कारकून असतो. कर्जदाराला मोडी वाचता येत नसेल, तर नव्या मापाच्या नावाखाली जुन्या कर्जात काय काय घातले गेले, हे त्याला कळणार कसे? गावकारीचे फोर, देवस्थानच्या जमिनीचे खंड, दिवाबत्तीसाठी ठेवलेल्या ठेवींचे व्याज, हे सगळे कायमचे ठरलेले शेराफीतले आकडे. त्यांना हाच प्रश्न लागू होतो. दोनशे शेराफींच्या ठेवीवर देवळात नंदादीप ठेवायचा, असा जुना लेख असेल, तर नव्या मापात तेल किती दिवस पुरेल?

नाण्याच्या कसाची जितकी काळजी घेतली तितकी या वहीची घेतली असती, तर नव्या पद्धतीला निम्मे विरोधक कमी झाले असते, असे माझे ठाम मत आहे. कस तपासायला सराफ होता. वही तपासायला गरीब माणसाकडे कुणीच नव्हते.

परिणाम

नाणे म्हणून नवा रुपया यशस्वी ठरला. तो ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीने चालला आणि ही बरोबरी पुढे पाऊणशे वर्षे, 1958 पर्यंत, मोडली नाही. मुरगावची रेल्वे बांधताना ठेकेदार, मजूर, माल पुरवणारे यांच्यात मोठा पैसा फिरला आणि 1888 च्या सुमारास गाड्या घाट चढू लागल्या, तेव्हा दोन मुलखांत दोन रुपये असण्याची कल्पनाही लोकांना विचित्र वाटली असती.

पण हे यश कुणाचे? पोर्तुगीज शिक्क्याची पत ब्रिटिश रुपयाशी असलेल्या सारखेपणातून आली होती. चांदीचा भाव आणि रुपयाची किंमत एकच होती तोवर यात धोका नव्हता. कुणी नाणे नाकारले तरी आतली चांदी तितक्याच किमतीची. बट्टा लागलाच तर नाममात्र.

मग दोन वर्षांत दोन गोष्टी घडल्या. जानेवारी 1892 मध्ये बारा वर्षे पुरी झाली आणि करार पुढे चालू राहिला नाही. जकातीची नाकी परत आली, वर्षाचे चार लाख थांबले. आणि 26 जून 1893 रोजी ब्रिटिश सरकारने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. तोवर कुणीही चांदी नेऊन थोड्या शुल्कावर तिचे रुपये करून घेऊ शकत होता. आता ते थांबले. रुपया टंचाईने वर धरायचा आणि त्याची किंमत एक शिलिंग चार पेन्सवर, म्हणजे सोळा पेन्सवर न्यायची, हे धोरण ठरले. 1894 मध्ये चांदी औंसाला एकोणतीस पेन्सच्या आसपास होती, म्हणजे रुपयातल्या चांदीची किंमत साधारण अकरा पेन्स. 1898 पर्यंत रुपया सोळा पेन्सवर पोचला. अकरा पेन्सच्या चांदीवर सोळा पेन्सचा शिक्का.

गोव्याच्या रुपयासाठी हा फरक फार मोठा होता. तराजूवर तो अजूनही ब्रिटिश रुपयाचा जुळा भाऊ होता. पण तराजू आता किंमत सांगत नव्हता. शिक्का सांगत होता. आणि पोर्तुगीज शिक्क्याला सोळा पेन्स मिळणार की अकरा, हे पणजीच्या हातात नव्हते. मुंबईचा खजिना, बँक आणि सराफ ते घेतात का, यावर ते अवलंबून होते, आणि त्या हमीचा मूळ आधार असलेला करार तर संपला होता. शिवाय त्या दिवसापासून पोर्तुगीज रुपया नव्याने पाडणे म्हणजे अकरा पेन्सची चांदी घालून सोळा पेन्स कमावणे झाले. शेजारच्या सरकारला अशा नाण्याविषयी शंका येणे साहजिक होते. 1882 नंतर चांदीचा पोर्तुगीज रुपया पुन्हा पाडलेला दिसतो तो 1903 च्या सालाचा. मधली वीस वर्षे कोरी आहेत.

1903 आणि 1904, पुढे पोर्तुगाल प्रजासत्ताक झाल्यावर 1912, या सगळ्या रुपयांत वजन आणि कस 1881 चाच ठेवला. ब्रिटिश रुपयाची चांदी 1940 मध्ये निम्म्यावर आली, गोव्याची 1947 च्या रुपयात. ब्रिटिश हिंदुस्थानातला रुपया 1947 मध्ये निकेलचा झाला, गोव्याचा 1952 मध्ये तांबे-निकेलचा. पहिल्या महायुद्धात चांदी महागली तेव्हा हिंदुस्थान सरकारने 1917 पासून एक आणि अडीच रुपयांच्या नोटा काढल्या. त्याच सुमारास बांको नासियोनाल उल्त्रामारीनो या पोर्तुगीज वसाहतींच्या बँकेने गोव्यातही एक आणि अडीच रुपयांच्या, शिवाय चार आणि आठ तांग्यांच्या नोटा काढल्या. प्रत्येक पाऊल शेजाऱ्याच्या मागोमाग.

काय वेगळे करता आले असते

माप ब्रिटिशांचे घेणे चुकीचे होते असे मला वाटत नाही. गोव्याचा व्यापार जिथे होता तिथलेच नाणे गोव्यात चालणार होते. त्याला विरोध करून कुणाचेही भले झाले नसते. माझा आक्षेप क्रमावर आणि हमीवर आहे.

क्रम असा हवा होता की आधी तांब्याची नाणी भरपूर, नंतर चांदी. ज्या बाईला पाव तांग्याचे सुट्टे मिळत नाही, तिला रुपयाचा कस पटवून काय उपयोग? तांब्याची नाणी पाच-सहा वर्षे थोडी थोडी येत राहिली, ती पहिल्याच वर्षी सगळ्या तालुक्यांच्या बाजारांत एकदम पोचवायला हवी होती. शुक्रवारी म्हापशात, सोमवारी साखळीत, जिथे बाजार भरतो तिथे सरकारी माणूस बसवून जुने तांबे बदलून द्यायचे, ठरलेल्या दराने, बट्ट्याशिवाय.

दुसरे, जुन्या खात्यांसाठी एक पानी तक्ता. शेराफी, तांगा, रेइस एका बाजूला, नवे रुपये-तांगे दुसऱ्या बाजूला, मराठीत छापलेला आणि प्रत्येक गावच्या चावडीत, देवळात, चर्चच्या दारात लावलेला. त्यातच स्पष्ट सांगायचे की अमुक तारखेआधीचे कर्ज चांदीच्या मापाने फेडायचे आणि त्यानंतरचे नव्या आकड्याने. सावकारांना ते आवडले नसते, काही कर्जदारांनाही नसते. पण दोघांनाही आपल्याला किती द्यायचे-घ्यायचे आहे ते वाचून कळले असते आणि तंटा कोर्टात नेता आला असता.

तिसरे हमीचे. नाण्याची पत बारा वर्षांच्या कराराला बांधली, पण करार संपल्यावर काय, याची तजवीज दिसत नाही. भरपाईचे चार लाख रुपये रेल्वे कंपनीला दिलेल्या व्याजाच्या हमीकडे वळले. त्यांतला वर्षाला पन्नास हजारांचा हिस्सा जरी ब्रिटिश रुपयांत पणजीच्या खजिन्यात वेगळा साठवला असता, तर बारा वर्षांत सहा लाखांची गंगाजळी झाली असती. मग 1893 नंतर कुणी पोर्तुगीज रुपया घेऊन आला तर त्याला त्याच किमतीचा ब्रिटिश रुपया काउंटरवर मोजून देता आला असता. मुंबईच्या सराफाला हे एकदा कळले की तो रुपये घेऊन पणजीपर्यंत येण्याची तसदीही घेत नाही, तिथेच बरोबरीने स्वीकारतो. ब्रिटिश सरकारने स्वतःच्या रुपयासाठी पुढे लंडनमध्ये सोन्याचा राखीव साठा ठेवून जवळपास हेच केले. तो साठा त्यांनी रुपये पाडण्याच्या नफ्यातून उभारला. पणजीला 1881 मध्ये तसा नफा नव्हता, पण मिठाच्या बदल्यात मिळालेली रोकड होती, आणि ती मिठागरे बंद पडलेल्या लोकांच्याच मुलखाची होती.